खोरे हाच आपला पाणवठा

(नाशिक येथे कार्यकर्ते व त्यांच्या परिवारांसमोर झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन. वक्ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता आहेत.)



'गोदावरी खोऱ्याचे जलनियोजन आणि लोकप्रबोधन' असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. विषय ऐकून काही मंडळी मनातून धास्तावली असतील. नियोजन म्हटले की तक्ते आले, आणि तक्ते आले की डुलकी आली. आकडे मी सांगणार आहे, पण मोजकेच. आकड्यांवाचून पाण्याविषयी बोलणे म्हणजे नुसती हळहळ व्यक्त करणे होय, आणि अशी हळहळ आपण दर उन्हाळ्यात पुरेशी व्यक्त करतो.

आरंभ मात्र आपल्या परिचयाच्या गोष्टीपासून करतो. एक पाणवठा, एक मंदिर, एक स्मशान हा आग्रह आपण अनेक वर्षे धरत आलो आहोत. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा प्रश्न पाण्याच्या परिमाणाचा नव्हता. ज्याला आपण आपला म्हणतो त्याला आपल्या पाण्यावर हक्क आहे की नाही, हा तो प्रश्न होता. तोच प्रश्न आज आपल्यापुढे वेगळ्या रूपात उभा आहे. गावाचा पाणवठा एक असावा हे आपण मान्य केले. खोऱ्याचा पाणवठा एक आहे, हे आपण मान्य करतो का? माझे आजचे सारे बोलणे या एका प्रश्नाभोवती आहे.

ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी १,४६५ किलोमीटर प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. तिचे खोरे सुमारे ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटरचे, आणि त्यातले जवळजवळ निम्मे महाराष्ट्रात आहे. याच खोऱ्यात पूर्वेकडे वैनगंगा-प्राणहितेच्या प्रदेशात पाणी मुबलक आहे, आणि मध्ये मांजरेच्या काठी माणसे टँकरची वाट पाहतात. नदीला जिल्हा ठाऊक नसतो. तिला ठाऊक असतो तो पाणलोट. डोंगराच्या धारेवर पडलेला थेंब एका अंगाला कलला तर दमणगंगेवाटे अरबी समुद्राला जातो, दुसऱ्या अंगाला कलला तर गोदेला मिळतो. म्हणून नियोजन करायचे तर ते तालुक्याचे वा जिल्ह्याचे करून भागत नाही. खोऱ्याचे करावे लागते.

हे शहाणपण शासकीय दप्तरी नवे नाही. स्टॉकहोम जल पुरस्काराचे मानकरी डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने १९९९ साली अहवाल दिला. त्याने राज्याची पाच नदीखोरी आणि नियोजनासाठी पंचवीस उपखोरी धरली, आणि दर हेक्टरी उपलब्ध पाण्यावरून अतितुटीची, तुटीची, सर्वसाधारण, विपुल व अतिविपुल अशी त्यांची वर्गवारी केली. २००५ साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम झाला. प्रत्येक खोऱ्याचा आराखडा करावा, त्यांतून राज्याचा एकात्मिक जलआराखडा सिद्ध व्हावा आणि प्रकल्पांना मान्यता त्या आराखड्याला धरून मिळावी, असे त्यात आहे. 'एकात्मिक' हा शब्द आपल्या कानाला परिचित वाटेल. योगायोग असा की दीनदयाळजींनी मुंबईत एकात्म मानवदर्शनाची व्याख्याने दिली ती एप्रिल १९६५ मध्ये, आणि लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली ती त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. अर्थात योगायोगाने कालव्यात पाणी येत नाही. कायदा झाल्यानंतर गोदावरीचा आराखडा प्रत्यक्षात येण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तोही उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाल्यावर.

त्याच कायद्यात कलम १२ (६) (ग) आहे. सोप्या भाषेत त्याचा आशय असा: खोऱ्यात तूट आली तर ती सर्वांनी वाटून घ्यावी. खरिपातला वापर हिशेबात धरून ऑक्टोबरअखेर सर्व जलाशयांत वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी सर्वसाधारणपणे सारखी राहील, अशी व्यवस्था असावी. मला या कलमात कायद्यापेक्षा आपल्या एकत्र कुटुंबाची रीत अधिक दिसते. कापणी कमी आली तर ताटे लहान होतात, पण एकाचे भरलेले आणि दुसऱ्याचे रिकामे असे होत नाही.

पुढे मेंढेगिरी समितीने ऊर्ध्व गोदावरीतील धरणांसाठी या तत्त्वाचे गणित मांडले. १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशाने प्राधिकरणाने सूत्र दिले की १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे तत्त्व उचलून धरले. २०१५ साली १२.८४ टीएमसी, २०१८ साली ८.९९, २०२३ साली ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचे आदेश निघाले.

आता हे पाणी कसे सुटते ते सांगतो, कारण ते मी जवळून पाहिले आहे. धरणाच्या दरवाजाशी पोलिसांचा बंदोबस्त लागतो. नदीकाठच्या गावांची वीज तोडली जाते, कारण पंप सुरू राहिले तर पाणी पुढे सरकायचे नाही. बंधाऱ्यांच्या फळ्या काढण्यासाठी अधिकारी बंदोबस्तात जातात. कोरडे, वाळू उपसलेले पात्र पहिले पाणी गिळून टाकते. एका न्यायालयात पाणी सोडू नये म्हणून अर्ज, दुसऱ्यात का सोडले नाही म्हणून. एका काठावर 'आमच्या हक्काचे पाणी पळवले' अशी घोषणा, दुसऱ्या काठावर 'आमच्या हक्काचे पाणी अडवले' अशी. दोन्ही काठांवर गोदामाईची आरती तीच. आदेश, सूत्र आणि कलम तिन्ही हाताशी असताना पाण्याचा एक थेंब पोलिसांवाचून पुढे जात नाही, तेव्हा अभियंत्याने गणित चुकले म्हणू नये. गणित बरोबर होते. ते ज्या समाजासाठी केले त्याला कोणी समजावून सांगितले नव्हते.

नाशिकचे आणि अहिल्यानगरचे म्हणणे खोटे आहे असे मी म्हणणार नाही. दारणा धरण १९१६ चे, भंडारदरा १९२६ चे. नांदूर मधमेश्वरहून निघालेले गोदावरीचे कालवे जायकवाडीच्या अर्धशतक आधीचे आहेत. त्या कालव्यांवर निफाड-कोपरगाव उभे राहिले. प्रवरेच्या पाण्यावर विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला. तीन-चार पिढ्यांच्या घामावर उभी असलेली ही शेती आहे. त्या शेतकऱ्याला एका पत्राने 'तुझ्या वाट्याचे पाणी आता खाली जाईल' असे कळवले, तर त्याचा संताप स्वाभाविक आहे.

पण मग मराठवाड्याचेही ऐकले पाहिजे. मुंबई इलाख्यात हे कालवे खणले जात होते, तेव्हा मराठवाडा निजामाच्या राजवटीत होता. निजामाने मांजरेवर धरण बांधले, ते मराठवाड्यात नव्हे, खाली निजामाबादेत. निजामसागर त्याचे नाव. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले, आणि मराठवाड्याला जायकवाडी धरण मिळायला १९७६ साल उजाडले. त्यासाठी शंभराहून अधिक गावे पाण्याखाली गेली. नाथसागराचा एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी, त्यात उपयुक्त सुमारे ७६. डावा कालवा २०८ किलोमीटर लांब, उजवा १३२. लाभक्षेत्र सुमारे १ लाख ८३ हजार हेक्टर. कागदावर भव्य. परंतु जलाशय विस्तीर्ण असून उथळ आहे, त्यामुळे बाष्पीभवन मोठे. आणि वरच्या बाजूला धरणे वाढत गेली, तसा खाली येणारा प्रवाह आटत गेला. छत्रपती संभाजीनगर आणि जालना या शहरांची तहानही त्याच जलाशयावर आहे. पिण्याचे पाणी राखून ठेवले की डाव्या कालव्याच्या शेवटी, परभणी जिल्ह्यात, काय पोहोचत असेल याचा अंदाज आपण करावा.

तरुण अभियंता असताना मला एकदा कालव्याच्या पुच्छभागाकडे आवर्तनाच्या पाहणीस पाठवले होते. शेजपाळीचा कागद माझ्या हाती होता. शेजपाळीचा संकेत असा की पाणी पुच्छाकडून शिराकडे द्यावे, शेवटच्याला आधी. प्रत्यक्षात चारीच्या तोंडाशी असलेले लोक दिवसा भिजवत, मधले रात्री, आणि शेवटच्या शेतकऱ्याकडे पाटकरी फक्त पाणीपट्टीची पावती घेऊन जात असे. एका वृद्ध शेतकऱ्याने मला पोटचारीत उतरवले. तिच्या तळाशी बाभळीचे रोप गुडघ्याएवढे वाढले होते. तो रागावला नाही. 'साहेब, ही बाभूळ तुमच्या कागदावर आहे का?' एवढेच त्याने विचारले. कागदावर अर्थातच पूर्ण सिंचित क्षेत्र दाखवलेले होते. त्या दिवसापासून कोणताही आराखडा हाती आला की मी तो शेवटच्या पानापासून वाचतो.

आणि गंमत म्हणा वा दुर्दैव, सर्वांत वरच्या टोकालाही तीच कथा आहे. त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हे आपले तालुके. पाऊस उदंड, धरणे उशाशी. तरी एप्रिल-मे महिन्यात तेथील वनवासी भगिनी विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरतात. 'धरण उशाशी, कोरड घशाशी' ही म्हण त्यांच्या घरात जन्मली असावी असे वाटते. म्हणजे वाद नाशिक विरुद्ध मराठवाडा असा मांडला जातो, पण मुखाशी वनवासी कोरडा आणि पुच्छाशी परभणीचा कोरडवाहू शेतकरी कोरडा. मधले आपण, नळाला तोटी असलेले आणि कालव्याला दार असलेले, मोठ्या आवाजात भांडतो. त्या दोघांचे म्हणणे कोणी मांडत नाही, कारण त्यांच्यापर्यंत आराखडा घेऊन कोणी गेलेच नाही.

लोकप्रबोधन म्हणजे भिंतीवर 'पाणी वाचवा' लिहिणे, अशी एक समजूत आहे. राज्यात २०१६ पासून मार्चमध्ये जलजागृती सप्ताह होतो, त्यात जलदिंड्या निघतात, कलशपूजन होते. ते व्हावेच. पण कलशातले पाणी कोणत्या उपखोऱ्याचे, हे पूजा करणाऱ्याला ठाऊक असावे. मी अनेक सभांतून विचारतो, आपले उपखोरे कोणते? सुशिक्षित श्रोत्यांतही फार थोडे हात वर येतात. आपल्याला गोत्र ठाऊक असते, राशी ठाऊक असते, अगदी विधानसभा मतदारसंघही ठाऊक असतो. ज्या पाण्यावर जगतो त्याचा पत्ता ठाऊक नसतो.

प्रबोधन कसे असते ते पाहायला आपल्याला लांब जावे लागत नाही. दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याच्या शेवटी ओझर. तेथे पाणी पोहोचत नव्हते. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने १९९० च्या सुमारास शेतकऱ्यांना एकत्र केले आणि पाणीवापर संस्था काढल्या: महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर. त्यांनी पाणी एकरावर मागितले नाही, घनमीटरवर मोजून मागितले. ओहोळांवरील बंधाऱ्यांत पाणी सोडून विहिरी भरून घेतल्या. पुढे कालव्यावरील चोवीस संस्थांचा महासंघ झाला आणि प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आले. ध्यानात घ्यावे ते हे की आरंभ शेवटच्या शेतकऱ्यापासून झाला. वरच्या गावांना समजावणे सोपे नव्हते. वर्षानुवर्षे बैठका झाल्या. आज त्या भागात द्राक्षे आणि भाजीपाला पिकतो, आणि आवर्तनाला पोलीस लागत नाहीत. आपल्या विचारपरिवारातले नसलेले लोक एखादे काम आपल्याहून चांगले करतात, तेव्हा ते शिकून घेण्यात कमीपणा नाही.

आपल्या परिवारातलेही एक उदाहरण आहे, लातूरचे. मार्च २०१६ मध्ये तेथे पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वे आली. पुढे ती एका खेपेस पंचवीस लाख लीटर आणू लागली. साऱ्या देशाने ती दूरचित्रवाणीवर पाहिली. एक हिशेब मी तेव्हा करून पाहिला. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लीटर. तेवढे पाणी त्या रेल्वेने आणायचे तर अकरा हजारांहून अधिक खेपा लागतील. त्याच उन्हाळ्यात डॉ. अशोकराव कुकडे आदींच्या पुढाकाराने 'जलयुक्त लातूर' उभे राहिले. व्यापारी, डॉक्टर, शिक्षक, सामान्य गृहिणी, वेगवेगळ्या पक्षांचे आणि पंथांचे लोक एकत्र आले. लोकवर्गणीतून साई ते नागझरी या अठरा किलोमीटरच्या टप्प्यात मांजरेचे पात्र खोल आणि रुंद करण्याचे काम झाले. पावसाळ्यात ते भरले.

मात्र या कामाकडेही मी अभियंत्याच्या नजरेने पाहतो. खोलीकरणाने साठा वाढतो, मागणी कमी होत नाही. मांजरेच्या खोऱ्यात ऊस आणि कारखाने किती असावेत, हा प्रश्न पोकलेन यंत्राने सुटत नाही. यंत्र दिसते, त्याचे छायाचित्र येते, उद्घाटन होते. माथ्यावरचे समतल चर दिसत नाहीत. जालना जिल्ह्यातील कडवंचीने विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचे काम धीराने केले आणि कोरडवाहू गावात द्राक्षबागा आल्या. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारात पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती पडला, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, उरलेल्यात कोणती पिके घ्यायची, हे सर्वांसमक्ष ठरते. ऊस नको आणि शेतीसाठी विंधनविहीर नको, हे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले. खोऱ्याचा आराखडा म्हणजे अशा हजारो ताळेबंदांची बेरीज व्हायला हवी. आज तो वरून खाली येतो.

कोणी म्हणेल, पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी बोगद्याने आणि उपशाने गोदावरीत आणले की तूटच उरणार नाही. त्या योजना व्हाव्यात. पण उपशाला वीज लागते, बोगद्याला दशके लागतात, आणि येत्या ऑक्टोबरला काय करायचे हा प्रश्न तसाच राहतो. वाटून घेण्याची सवय नसलेल्या घरात धान्याचे आणखी एक पोते आणले तर भांडण एका पोत्याने मोठे होते.

आता थोडे आपल्याविषयी, आणि थोडे कठोर. संघस्थानावर आपण एका रांगेत उभे राहतो. तेथे नाशिकचा आणि परभणीचा असा भेद नसतो. पण ऑक्टोबर उजाडला की आपल्यातलेच काही नाशिककर होतात, काही मराठवाडाकर. २०१५ साली आपल्याकडे सिंहस्थ होता आणि खाली दुष्काळ. शाहीस्नानासाठी धरणातून पाणी सोडण्याचा प्रश्न न्यायालयात गेला. त्या वेळी आपण श्रद्धेवर आघात झाला म्हणून व्यथित झालो. ते मी समजू शकतो. पण त्याच वर्षी मराठवाड्यातून छावणीत गेलेल्या जनावरांविषयी येथील किती घरांत बोलणे झाले? नाथांचे पैठण जायकवाडीच्या पायथ्याशी आहे. रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, ही कथा आपण मुलांना सांगतो. कावड वाहणाऱ्याने किती चालून ते पाणी आणले होते, हेही सांगावे, म्हणजे देणे किती अवघड असते ते कळेल.

दुसरी गोष्ट शहराची. आपण गंगापूर धरणातून निर्मळ पाणी घेतो आणि रामकुंडाच्या खाली नदीला काय परत देतो, हे सांगायला अभियंता नको, नाक पुरे. ते पाणी पुढे नांदूर मधमेश्वरात जाते. २०२० साली त्या जलाशयाला महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. तेथून ते पैठणला जाते आणि कोणाच्या तरी घागरीत पडते. २०२७ च्या सिंहस्थाची तयारी चालू असताना घाटांइतकीच चर्चा मलनिस्सारणाची व्हावी, एवढी अपेक्षा नाशिककरांकडून ठेवायला हरकत नसावी.

संयोजकांशी बोलून दोन गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली, आपल्या प्रत्येक नगरात आणि खंडात ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एक फलक लावायचा: गंगापूर, दारणा, भंडारदरा, मुळा आणि जायकवाडी, पाच जलाशय, त्यांचा उपयुक्त साठा आणि टक्केवारी, शेजारी शेजारी. आकडे जलसंपदा विभाग प्रसिद्ध करतोच. टीका नको, घोषणा नको, फक्त आकडे. हाच फलक त्याच दिवशी परभणीत आणि जालन्यातही लागेल. तेथील कार्यकर्त्यांशी बोलणे झाले आहे.

दुसरी, दिवाळीच्या सुट्टीत येथील वीस परिवार डाव्या कालव्याच्या शेवटच्या टप्प्यात, पाथरीच्या परिसरात, तीन दिवस शेतकरी कुटुंबांच्या घरी राहायला जाणार आहेत. कार्यक्रम काही नाही. त्यांच्याबरोबर राहायचे, त्यांच्या घागरीने पाणी भरायचे, चारी पाहायची. उन्हाळ्यात तेथील परिवार आपल्याकडे येतील. त्यांना आपण द्राक्षबागा दाखवू आणि त्र्यंबकच्या पाड्यांवरही नेऊ. नोंदणीची वही दाराशी टेबलावर ठेवली आहे. मघाशी मी पाहिले तेव्हा अकरा नावे झाली होती. लहान मुलांना नेता येईल का, असे एका भगिनीने विचारले होते. अवश्य न्यावे. फक्त त्यांच्यासाठी पाण्याच्या बाटल्या घेऊन जाऊ नका.